बिनलोखंडाचा रोलर कोस्टर

मी रोलर कोस्टर बोलतोय. माझ्यात खिळा नाही, नट नाही, बोल्ट नाही. लोखंडाचा साधा तुकडासुद्धा नाही. म्हणून मला कमी लेखू नका. माझा चढ चांगला उंच आहे, माझा उतार पोटात गोळा आणणारा आहे, आणि माझ्या दुसऱ्या वळणावर भल्याभल्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरलेले मी पाहिले आहेत. फक्त मी जमिनीवर उभा नाही. मी एका लॅपटॉपच्या पडद्यावर उभा आहे, आणि छान ताठ उभा आहे.

मला घडवणारे गृहस्थ दातांच्या कवळ्या बनवतात. एका दवाखान्याच्या तळघरात त्यांची खोली आहे. वरच्या मजल्यावर डॉक्टर लोकांचे दात काढतात, खाली हे नवे दात घडवतात. मेण, प्लास्टर, बारीक ब्रश, नाकाजवळ ओढून घ्यायचा दिवा, आणि टेबलावर ओळीनं मांडलेले दुसऱ्यांचे जबडे. ती खोली मी काही पाहिलेली नाही. पण आमच्या घरी लॅपटॉपची जागा जेवणाच्या टेबलावर, आणि जेवताना माणसं काय काय बोलतात ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. मी या गृहस्थांना मनातल्या मनात कवळीवाले म्हणतो.

त्यांच्या बायको टॉवर क्रेन चालवतात. उंच इमारत उभी राहत असते तेव्हा तिच्याही वर लांब हात पसरून जी क्रेन उभी असते ना, तिच्या माथ्याशी काचेची एक खोली असते. खोली कसली, कपाटच. सकाळी शिडीनं वर जायचं, दिवसभर सळया आणि काँक्रीटच्या बादल्या उचलून द्यायच्या, डबा वरच खायचा आणि संध्याकाळी उतरायचं. त्यांना मी क्रेनबाई म्हणतो. असं हे घर. एक माणूस जमिनीच्या पोटात, एक माणूस ढगांच्या शेजारी. आणि दोघांची गाठ पडायची ती संध्याकाळी या टेबलापाशी.

आता गंमत ऐका. कवळीवाल्यांना उंचीची भीती. थोडीथोडकी नाही, स्टुलावर चढले तरी तोंडचं पाणी पळतं. माळ्यावरचं मोठं पातेलं बाई काढतात, गेलेला बल्ब बाई बदलतात, पडदे बाई लावतात. हे खाली उभे राहून स्टूल धरतात, तेही मान खाली घालून. लहानपणी कुठून पडले होते का? नाही. कुणी घाबरवलं होतं का? तसंही नाही. भीतीला दर वेळी कारण लागतंच असं नाही.

असा माणूस रोलर कोस्टर बनवायला का बसला, हे मलाही बरेच दिवस कोडं होतं. सुरुवात झाली प्लास्टरमुळे. साच्यात ओतलेलं प्लास्टर घट्ट होईपर्यंत हातावर हात धरून बसावं लागतं. तेवढ्या वेळात ते फोनवर काहीबाही बघायचे. एकदा रोलर कोस्टर घडवण्याचं सॉफ्टवेअर त्यांच्या पाहण्यात आलं आणि त्यांचा जीव त्यात अडकला. तिथं जमीन हवी तेवढी, लोखंड हवं तेवढं, मजूर लागत नाहीत. आणि मुख्य म्हणजे स्वतः वर चढावं लागत नाही.

या सॉफ्टवेअरमध्ये रुळाचा एक-एक बिंदू ठेवायचा, माउसनं ओढायचा, वाकवायचा. मग रिकामी गाडी सोडून बघायची. गाडीत बसलेल्या माणसाला कुठे किती दाब बसेल ते रंगांत दिसतं. हिरवं म्हणजे मजेत, पिवळं म्हणजे सांभाळून, लाल म्हणजे माणसाची मान मोडेल. माझ्या आधी कवळीवाल्यांनी सहा रूळ बनवले. एकाची गाडी चढावर अर्ध्यातच दमली आणि उलटी खाली आली. एकाची वळणावरून सुटून सरळ तळ्यात गेली. एक तर इतका लाल झाला की क्रेनबाई मागून बघून म्हणाल्या, "हा रोलर कोस्टर आहे की खाटीकखाना?"

सातवा मी. माझं नाव तेव्हा नुसतं 'चाचणी सात'.

माझा जन्म एका जबड्यातून झाला, असं म्हटलं तर हसू नका. एका रविवारी सकाळी कवळीवाले पडद्यासमोर बसले होते, वळण काही केल्या जमत नव्हतं. कुठेतरी लाल ठिपका उरायचाच. मग ते उठले, पिशवीतून प्लास्टरचा एक जबडा काढला आणि टेबलावर ठेवून कडेकडेनं बोट फिरवू लागले. समोरच्या दातांपाशी वळण घट्ट असतं, दाढांकडे जाताना ते हळूहळू सैल होतं. मध्येच कुठे तुटत नाही. त्यांनी माझं पहिलं वळण अगदी तसं काढलं, आणि पडदा हिरवागार झाला.

"कवळीत एक दात केसभर उंच राहिला तरी माणूस जेवताना थांबतो," ते बाईंना सांगत होते. "रुळाचंही तसंच आहे."

"हो का?" बाई कांदा चिरत म्हणाल्या. "मग आता ह्याला मीठ-मसाला लावायचा का?"

पण बाईंच्या थट्टेत धार नसायची. नवरा आनंदात आहे, एवढं त्यांना पुरायचं.

अशी वळणं काढणाऱ्या लोकांची इंटरनेटवर एक मंडळी आहे. जगात कुठे कुठे बसलेले लोक आपापले रूळ तिथे मांडतात, दुसऱ्याच्या रुळावर बसून बघतात, वाखाणतात, नाकं मुरडतात. तिथे कुणी खरं नाव लावत नाही. मंडळींत 'आजोबा' नावाचं कुणीतरी होतं, 'मुकादम' नावाचं कुणीतरी होतं. कवळीवाल्यांनी स्वतःचं नाव काय ठेवावं? 'गरुड'!

हे बाईंना कळलं तेव्हा त्यांना हसता हसता ठसका लागला. त्या दिवसापासून घरात सुरू झालं, "अहो गरुडराव, स्टूल धरता का जरा?"

मंडळींत मात्र गरुडांचा दबदबा होता. त्यांची वळणं लोणी लावल्यासारखी. नवे लोक विचारायचे, "गरुडदादा, तुम्ही किती रोलर कोस्टर पालथे घातलेत हो?" कवळीवाले उत्तरादाखल एक हसरा चेहरा टाकून द्यायचे. खोटं बोलले नाहीत कधी. फक्त खरं सांगायचं राहून गेलं, आणि दिवसेंदिवस ते सांगणं जड होत गेलं.

मग एकदा त्यांनी मला मंडळींपुढे ठेवलं. पाठ थोपटणारे पुष्कळ निघाले. मुकादम हे मंडळींतले जाणते. तपासणी त्यांच्याकडे असायची आणि त्यांच्या शब्दाला वजन होतं. त्यांनी सावकाश लिहिलं, "गरुड, वळणं झकास. पण माथ्यावरचा भाग फसलाय. कधीच वर न गेलेल्या माणसानं काढल्यासारखा वाटतो. तुमच्यासारख्याकडून ही चूक कशी झाली?"

मुकादमांच्या मनात काही वाकडं नव्हतं. पण बाण बरोबर जागी लागला. कवळीवाल्यांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि लॅपटॉप मिटला. एरवी ते अलगद मिटायचे. त्या दिवशी आवाज झाला.

त्यानंतर माझ्याकडे कुणी फिरकलं नाही. लॅपटॉप उघडायचा, पण बिलं भरायला, बातम्या वाचायला. माझ्या अंगावर धूळ बसत नाही, गंज चढत नाही. पण माझी गाडी स्थानकात उभी, मांडीवर यायचे दांडे वर केलेले, आणि बसायला कुणी नाही. रविवारी सकाळी कवळीवाले आता वर्तमानपत्र घेऊन बसायचे. पान मात्र उलटायचे नाहीत. बाई एकदा म्हणाल्या, "काय हो, आज चढ-उतार नाहीत?" ते म्हणाले, "पोरखेळ होता. सोडला." बाई परत कामाला लागल्या. पण त्यांच्या कपाळावरची आठी मी पाहिली.

मला तेव्हा स्वतःबद्दल शंका आली का? नाही. मी चांगला आहे हे मला ठाऊक होतं. फक्त माझ्या डोक्यावर काहीतरी कमी होतं, आणि ते काय, हे मला सांगता येत नव्हतं.

ते सांगितलं क्रेनबाईंनी.

झालं असं की एक दिवस सोसाट्याचा वारा सुटला. असा वारा असला की क्रेन चालवत नाहीत. तिला मोकळी सोडून देतात, मग ती वाऱ्याच्या दिशेनं आपली आपण फिरत राहते. बाई दुपारीच घरी आल्या. उद्या वारा पडणार का, ते बघायला त्यांनी लॅपटॉप उघडला. हवामान बघून झालं. हात मोकळे होते, घरात कुणी नव्हतं. त्यांची नजर माझ्या नावावर गेली आणि त्यांनी मला उघडलं.

खुर्ची पुढे ओढून त्या माझ्या पहिल्या गाडीत बसल्या. म्हणजे पडद्यावरच, पण बसल्या मनापासून. वळणांवर त्यांचं अंग आपोआप कलत होतं. शेवटी गाडी स्थानकात येऊन थांबली तेव्हा त्यांनी खुर्चीला पाठ टेकवली आणि मोठ्यानं म्हणाल्या, "हुश्श!"

माझ्यासाठी कुणी काढलेला तो पहिला उद्गार. मला तो फार आवडला.

संध्याकाळी जेवताना त्यांनी विषय काढला.

"अहो, तुमच्या त्या चाचणी सातमध्ये बसून आले आज."

कवळीवाले ताटातून मान वर न काढता म्हणाले, "ते बंद केलंय मी."

"का? चांगलंय की. माझा तर जीव खालीवर झाला. फक्त एक सांगू? वर पोचल्या पोचल्या माणसाला खाली ढकलून काय देता? एवढं चढवलंत, तर घटकाभर वर राहू द्या ना त्याला."

"वर राहून काय करणार तो?"

"काय करणार म्हणजे?" बाईंनी घास तसाच हातात ठेवला. "वर गेल्यावर सगळ्यात आधी काय होतं, माहितीये? आवाज बंद होतात. खालची काँक्रीटच्या मिक्सरची घरघर, माणसांची ओरड, सगळं एकदम कुणी झाकण लावल्यासारखं. मग वारा ऐकू येतो. मग लांबचं दिसायला लागतं. नदीचं वळण, कुणाच्या तरी गच्चीवरचे कपडे. आणि त्यानंतर कळतं, अरे, आपण केवढ्या वर आलोय! भीती तेव्हा वाटते. तुम्ही आधीच भिववून मोकळे होता."

कवळीवाल्यांनी पहिल्यांदाच ताटातून मान वर काढली. मग हळूच म्हणाले, "मला ते माहीतच नव्हतं."

"कसं असेल? मी कधी सांगितलं नाही, तुम्ही कधी विचारलं नाही."

ते उठायला लागले तशा बाई म्हणाल्या, "आधी जेवा. रूळ कुठे पळून जात नाही."

मी कुठेही पळून गेलो नाही. पुढचे कितीतरी रविवार आम्ही तिघांनी माझ्या माथ्यावर काढले. कवळीवाले ओढत, वाकवत, बाई मागे उभ्या राहून सांगत, "अजून थोडं सपाट. हां. आता गाडी वर ओढणाऱ्या साखळीची कटकट बंद करा. वारा टाका. एवढा नको, वादळ नाहीये. आता जाऊ दे हळूहळू पुढे... आता सोडा!" वरून दिसणारी नदी बाईंनी काढायला लावली. गच्चीवरचे कपडेही.

नाव ठेवायची वेळ आली तेव्हा कवळीवाले म्हणाले, "तू बसून उतरलीस तेव्हा काय म्हणालीस?"

"हुश्श म्हणाले."

असा मी 'हुश्श' झालो. मंडळींची वर्षाची स्पर्धा होती. कवळीवाल्यांनी मन घट्ट करून मला धाडून दिलं. आणि मी जिंकलो. मुकादमांनी लिहिलं, "माथ्यावर श्वास घ्यायला विसरलो. याला म्हणतात वर जाणं."

खरी पंचाईत पुढे होती. मंडळी वर्षातून एकदा एका मोठ्या अम्युझमेंट पार्कमध्ये भेटायची. जिंकणाऱ्याचा मान असा, की तिथल्या सगळ्यात उंच रोलर कोस्टरच्या पहिल्या रांगेत त्यानं बसायचं. आमंत्रण वाचून कवळीवाल्यांचा चेहरा त्यांच्या प्लास्टरसारखा झाला.

"ताप आला म्हणून कळवतो," ते म्हणाले.

"कळवा की," बाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षी काय कळवाल? गोवर?"

आम्ही गेलो. मलाही नेलं, लॅपटॉपसकट, कारण मंडळी टेबलांभोवती बसून एकमेकांचे रूळ बघणार होती. आइस्क्रीमच्या दुकानामागे सावलीत टेबलं लावलेली. पुढ्यात तो लोखंडाचा रोलर कोस्टर. पडद्याच्या काठावरून मी त्याच्याकडे बघितलं. मोठा होता, मान्य. पण वळणं, माफ करा, माझी सरस होती.

तिथे सगळ्यांचे मुखवटे उतरले. 'आजोबा' म्हणजे एक तरुण मुलगी निघाली, हॉस्पिटलात नर्स होती. मुकादम शाळेत भूमिती शिकवणारे. "आणि गरुड?" आजोबांनी विचारलं. कवळीवाल्यांनी हात वर केला. टाळ्या पडल्या. कुणीतरी ओरडलं, "पहिली रांग! पहिली रांग!"

कवळीवाले उभे राहिले. मला वाटलं, आता हे पळणार. पण ते घसा साफ करून म्हणाले, "एक सांगायचं राहिलंय. मी आजपर्यंत एकाही रोलर कोस्टरमध्ये बसलेलो नाही. मला उंचीची भीती वाटते. स्टुलाचीसुद्धा वाटते. 'हुश्श'चा माथा माझा नाही, आमच्या हिचा आहे."

मुकादमांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मग ती वळणं कशी जमली हो तुम्हाला?"

"दातांवरून."

पहिल्यांदा आजोबा हसल्या, मग सगळेच. ते हसणं टोचणारं नव्हतं. मुकादम म्हणाले, "माझी पाठ गेली, डॉक्टरांनी बसायला मनाई केलीय. मी हल्ली तुमच्याच रुळांवर बसतो. त्यामुळे मला विचाराल, तर तुम्ही इथे येऊन आम्हाला काही सिद्ध करून दाखवायला नको. बसायचं तर बसा, नाही तर आइस्क्रीम खाऊ."

कवळीवाले आइस्क्रीमकडे वळलेही होते. तेवढ्यात बाईंनी त्यांचा दंड धरला.

"चला. मी बाजूला आहे ना. याच्या दुप्पट उंचीवर बसून मी रोज डबा खाते."

ते गेले. आजोबाही गेल्या, मागच्या रांगेत बसायला. माझ्यापाशी मुकादम राहिले. आम्ही दोघं वर बघत बसलो. गाडी चढताना दिसली, माथ्यावर टेकली, आणि मग नुसत्या किंकाळ्या.

परत आले तेव्हा दृश्य उलटं होतं. बाईंचे केस पार विस्कटलेले होते, आणि कवळीवाले त्यांना धरून आणत होते. बाई खुर्चीवर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "मी सांगते. हे काय सांगणार, यांचे डोळे मिटलेले होते."

सगळे भोवती जमले.

"बसलो. दांडा खाली आला. मी म्हटलं, यांचा हात धरू, घाबरतील. गाडी चढायला लागली. अर्ध्यावर गेली आणि माझे हात आपोआप पुढे गेले. क्रेनमध्ये दोन्ही हातांत दांडे असतात ना. थांबवायची मीच, वळवायची मीच. इथे हाताला काहीच लागेना! हे चालवतंय कोण? थांबवायचं कुठून? मी ओरडले, 'अहो, थांबवा हे!'"

"मागे ऐकू आलं मला," आजोबा म्हणाल्या.

"आणि हे काय म्हणाले! डोळे घट्ट मिटलेले, तोंडावर रक्ताचा थेंब नाही, आणि आवाज कसा? घरी मीठ मागतात तसा. 'थांबणार नाही ते. पण पुढे काय आहे ते मी सांगतो. आता साखळी सुटेल, श्वास सोड. आता पोट हलकं होईल, होऊ दे. आता डावीकडे जड वाटेल, माझ्यावर रेल. आता गिरकी, मान मागे टेकव. झाली गिरकी. आता छोटी टेकडी, ही गमतीची आहे, हात सोडून बघ.' शेवटपर्यंत असंच. आणि एक चुकलं नाही हो! जे म्हणतील ते पुढच्या क्षणी होई."

"तुम्हाला कसं कळलं?" मुकादमांनी विचारलं.

"रूळ खालून बघून ठेवला होता," कवळीवाले म्हणाले. "उरलेलं पोटाला कळत होतं. डोळे उघडे असते तर काही जमलं नसतं."

"आणि भीती?"

"वाटली की. शर्ट बघा ना, पिळून घ्या. पण हिला पुढचं सांगायचं काम होतं. घाबरायला सवड कुठे होती?"

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. इतकी वर्षं त्यांना जेवणाच्या टेबलापाशी बघतोय, पण असं बघताना मी कधी पाहिलं नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "गरुडराव, आता आइस्क्रीम आणा. माझ्यानं उठवत नाही."

कवळीवाल्यांची भीती गेली का? छे! घरी परतल्यावर पहिल्याच आठवड्यात बल्ब गेला आणि स्टुलावर बाईच चढल्या. आयुष्यात पुन्हा लोखंडाच्या गाडीत बसणार नाही, असं कवळीवाल्यांनी निक्षून सांगितलं, बाईंनीही. पण एक बदल झाला, आणि तो माझ्यात झाला.

माझ्या गाड्या तोवर एकेका माणसाच्या होत्या. एकामागे एक, सुट्या. कवळीवाल्यांना तसंच सुचलं होतं. पार्कमधून आल्यावर त्यांनी मला उघडलं आणि एकेक गाडी रुंद केली. शेजारी शेजारी दोन जागा. ऐकायला सोपं वाटतं. पण गाडी रुंद झाली की वजन बदलतं, बाहेरच्या बाजूला बसलेल्याला वळण जास्त लागतं. माझा अर्धा रूळ पुन्हा लाल झाला. कुठे उतार सैल केला, कुठे वळण मोठं केलं, जबडा परत टेबलावर आला. कुणी सांगितलं नव्हतं, स्पर्धा नव्हती. तरी शेवटचा लाल ठिपका जाईपर्यंत त्यांनी मला सोडलं नाही. आज माझ्यावर एकटं कुणी बसलं, तरी शेजारची जागा असते.

आणि माझ्यावर बसतात पुष्कळ जण. कवळीवाल्यांनी मला सगळ्यांसाठी मोकळा ठेवला आहे. माणसांच्या तऱ्हा बघाव्यात त्या इथून! कुणी घरातल्या खुर्चीत बसून वळणावर असं कलतं की चहा सांडतो. कुणी उतारावर डोळे मिटतं, नुसत्या पडद्यासमोर! आणि कपाळाचा घाम पुसत म्हणतं, "मला काही नाही वाटलं." आजोबांनी मला हॉस्पिटलातल्या एका म्हाताऱ्या बाईंना दाखवलं. त्या माझ्या माथ्यावर पोचल्या की दर वेळी थांबायला सांगतात, गच्चीवरचे कपडे वाळले का ते बघतात, आणि मग म्हणतात, "चला, सोडा."

सध्याची बातमी अशी, की टेबलावरचा लॅपटॉप आता एकट्या कवळीवाल्यांचा राहिलेला नाही. वारा सुटला की क्रेनबाई घरी येतात आणि सरळ माउस हातात घेतात. त्या स्वतःचा रोलर कोस्टर बनवताहेत. त्याला चढच चढ आहे. वर, आणखी वर, ढगांच्या वर. आणि मग एकदम सरळ खाली. टोकापासून तळापर्यंत नुसता लालभडक.

परवा त्यांनी कवळीवाल्यांना समोर बसवलं. "बसा. आणि डोळे उघडे ठेवायचे."

गाडी चढत गेली. कवळीवाल्यांनी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. गाडी पडली तेव्हा त्यांच्या घशातून बारीक आवाज आला. त्यांचा हात एकदा माउसकडे गेला, तो लाल भाग दुरुस्त करायला. मग त्यांनी तो हात मागे घेतला आणि दुसऱ्या हातानं धरून ठेवला.

"कसं वाटलं?"

"जीव जातो की काय, असं वाटलं."

"खरंच?" बाईंचा चेहरा खुलला. "मग जमतंय. आता ते हिरवं कसं करायचं, तेवढं शिकवा. पण हात लावायचा नाही. नुसतं सांगायचं."

ते खुर्ची ओढून शेजारी बसले आणि सांगू लागले. तो धाकटा अजून धडपडतोय. बाजूला बसून मी त्याचं कौतुक बघतो. मला त्याचा हेवा वाटत नाही. मी थोरला आहे आणि चांगला आहे, हे मला पक्कं ठाऊक आहे.

तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्याही घरात कुणीतरी कशात तरी असं बुडून बसलेलं असेल. कधी हात मोकळे असले, तर त्याच्या गाडीत बसून या. वरवर बघून 'छान आहे' म्हणू नका. बसा, आणि उतरल्यावर खरं काय वाटलं ते सांगा. आम्हाला लोखंड नाही मिळालं तरी चालतं. बसणारा मात्र हवा.

बरं, येतो मी. स्थानकात कुणीतरी येऊन बसलंय. दोघं आहेत. दांडा खाली आला, साखळी लागली. धरून बसा म्हणावं!